मुकी सासू

मी शाळा सातवीत सोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जनुकांबद्दल बोलायला लागले की कुणी भुवया उंचवायला नकोत. ज्यांना उंचवायच्याच आहेत त्यांनी आत्ताच उंचवून घ्याव्यात आणि मग निवांत वाचावं.

चौदा वर्षं मी एका प्रयोगशाळेची ग्रोथ रूम सांभाळते. ग्रोथ रूम म्हणजे बिनखिडकीची खोली. चार लोखंडी मांडण्या, प्रत्येक फळीवर पांढरे दिवे, दिव्यांखाली ट्रे आणि ट्रेमध्ये वीतभरसुद्धा नाहीत अशी रोपं. आत ऊन नाही, वारा नाही, एक मुंगी दिसली तरी दोन दिवस चर्चा चालते. त्या रोपांना ना फळ, ना वास, ना रूप. रानात उगवली असती तर कुणी उपटायचेही कष्ट घेतले नसते. इथं मात्र त्यांचे लाड राजाच्या पोरांसारखे. ऑफिसच्या कागदावर माझ्या कामापुढे 'अकुशल' असं लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्या साहेबांना मी एकदा म्हटलं, "या खाली, एक ट्रे महिनाभर जगवून दाखवा." ते अजून यायचेत.

इथं सगळे मला मावशी म्हणतात. त्यात माया असतेच असं नाही. फरशीवर पाणी सांडलं तरी मावशीच आठवते. पण एका मुलीच्या तोंडी तो शब्द खरा होता, आणि ही गोष्ट तिची आहे.

ती पीएचडी करायला आली. पहिल्या दिवशी दार ढकलून आत शिरली ती बोलतच, आणि पुढची चार वर्षं थांबली नाही. रोपांशी बोलायची, चिमट्याशी बोलायची, बंद पडलेल्या मशीनशी भांडायची. मी तिला टिटवी म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले. डबा आणायला रोज विसरायची. मग मी दोन माणसांचा आणायला लागले. "मावशी, कशाला उगाच?" असं म्हणायची आणि म्हणता म्हणता झाकण उघडायची.

तिच्या टेबलाजवळची भिंत आधीच कागदांनी भरलेली, म्हणून तिनं एक मोठा तक्ता माझ्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला. फांद्या फुटत गेलेलं झाड, आणि शेंड्यांना बारा नावं. नावं म्हणजे अक्षरं आणि आकडे.

"ही कुणाची वंशावळ?" मी विचारलं.

"माझ्या प्रथिनांची. बारा जणी आहेत. मावशी, जनुक म्हणजे काय माहितीये? लिहून ठेवलेली कृती. पण वही कपाटात पडून राहिली तर स्वयंपाक होतो का?"

"नाही होत."

"कुणीतरी वही उघडून म्हणावं लागतं, आज हे करा, ते नको. ते म्हणणारी ही प्रथिनं. डीएनएवर जाऊन बसतात, त्यातला एक ठरावीक शब्द शोधतात, तो मुठीत धरतात. धरला की शेजारचं जनुक चालू. नाहीतर बंद."

"स्वतः काही करत नाहीत?"

"काहीच नाही. फक्त कुणी काय करायचं ते ठरवतात."

"म्हणजे सासवा," मी म्हटलं.

टिटवी इतकी हसली की हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत त्या घराण्याचं नाव सासवा पडलं. मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे टिटवीच्या गाईड, भर मीटिंगमध्ये एकदा 'सातवी सासू' म्हणाल्या आणि लाजल्या.

मी शिकले ती अशीच. टिटवीनं टाकून दिलेल्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर मी ट्रेंच्या याद्या लिहायचे. यादी संपली की पान उलटून वाचायचे. कळलं नाही की तिला धरायचे. ती कधी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणाली नाही. एकदा तिनं तारेची मूठ करून आणली. मध्ये निळा मणी. म्हणाली, हा जस्ताचा अणू. हा काढला की मूठ सैल पडते आणि सासूबाईंच्या हातून डीएनए सुटतो. बाराही जणींची मूठ सारखी, शेपट्या मात्र वेगवेगळ्या. कुणी मुळांत हुकूम सोडते, कुणी फुलात, कुणी पान कुरतडलं गेलं की जागी होते.

"आणि सगळ्या एकीच्याच पोटच्या," ती म्हणायची. "फार पूर्वी तळ्यातल्या शेवाळात एकच होती. नक्कल करताना चूक झाली, एकीच्या दोन झाल्या. आता घरात दोघी आल्यावर एक जुनं काम सांभाळते आणि दुसरी मोकळी. मोकळी बहुतेक वेळा बिघडून मरते. कधीतरी नवं काम शिकते. असं होत होत बारा."

अकरावी आणि बारावी या जुळ्या. सगळ्यांत शेवटी वेगळ्या झालेल्या. अकरावी मुळांत जोरात बोलायची, म्हणजे तिथं मोजली की मोठा आकडा यायचा. बारावी कुठंच नाही. मूळ, खोड, पान, फूल, बी, थंडीत ठेवा, तहानलेली ठेवा, कुठंही शोधा, शून्य. जगभरच्या लोकांनी तिला मेलेली म्हणून सोडून दिलं होतं. आम्ही तिला मुकी म्हणायचो.

"मुकी सासू मी तरी पाहिली नाही," मी म्हटलं. "तिला बोलायला कारण मिळालं नसेल."

टिटवी त्यावर हसली नाही. चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, मलाही तेच वाटतं. वापरात नसलेल्या कुलपाला गंज चढतो ना? मेलेल्या जनुकात चुका साचत जातात, कुणी त्यांची पर्वा करत नाही. हिच्या मुठीत लाखो वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही. म्हणजे ज्या रोपांत ते बदललं ती टिकली नाहीत. ती कामाची आहे. कधीतरी, कुठंतरी, ती बोलते."

तिनं पीएचडीची दोन वर्षं त्या मुकीवर लावली. मोठ्या बाई नको म्हणत होत्या. एरवी ती दुपारी पान कापायची. मग एकदा सकाळी कापून बघितलं आणि मुकी बोलली. पानात, चांगली खणखणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. टिटवी साडेआठला यायची, पान कापायची, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकून गोठवायची, आणि आकडा यायचाच. दुपारी कापलं तर शून्य. तिनं लिहिलं, बारावी सकाळी बोलते. प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच झालं.

आता मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट.

ग्रोथ रूमच्या दारावर बाहेरून एक पाटी आहे, मोठ्या बाईंच्या सहीची. 'रोपांना हात लावू नये.' मी रोज सकाळी आठला येते. हात धुते. आणि मग एकेका ट्रेवरून तळहात फिरवत जाते. असं बघा, झोपलेल्या पोराचे केस सारखे करतो तसा. हाताला कळतं कुठली माती सुकली, कुठलं पान लुळं पडलंय. शिवाय हात फिरवलेली रोपं दणकट होतात, बुटकी, खाली न लोळणारी. हे मला कुणी शिकवलं नाही, पहिल्याच वर्षी हातानं शिकवलं. मोठ्या बाई पाहुण्यांना माझे ट्रे दाखवून म्हणायच्या, "आमची रोपं बघा कशी मजबूत." मी गप्प. पाटी विद्यार्थ्यांसाठी आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. चौदा वर्षं सांगत होते. सव्वाआठपर्यंत माझं उरकायचं आणि खोलीत तेव्हा दुसरं कुणी नसायचं.

टिटवीचं काम पक्कं करून घ्यायला दुसऱ्या संस्थेतल्या एका प्रयोगशाळेत बी पाठवलं. तिथल्या साहेबांना आम्ही चष्मेवाले सर म्हणायचो, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर. त्यांनी रोपं वाढवली, तेच दिवे, तीच माती, सकाळी साडेआठलाच पान कापलं. शून्य. तीनदा केलं. तीनदा शून्य.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. पत्र गोड भाषेत होतं. गोड भाषेचा मला राग येतो, शिवी निदान तोंडावर असते. 'निष्कर्षांच्या विश्वासार्हतेबाबत' असं काहीतरी. मराठीत सांगायचं तर पोरीनं आकडे बनवले की काय, हे बघायला समिती बसणार होती, गुरुवारी, चष्मेवाल्या सरांच्या अध्यक्षतेखाली. आरोप सिद्ध झाला तर पदवी गेली, आणि नुसती पदवी नाही. या धंद्यात खोटी म्हणून शिक्का बसला की तो पुसत नाही. चोर सुटतात, पण आकडा खोटा म्हटला गेलेल्याला कुणी दारात उभं करत नाही.

टिटवी गप्प झाली. चार दिवस खोलीत मशीनचा घरघर आवाज तेवढा. मला तो आवाज इतका मोठा आहे हे तेव्हाच कळलं.

मंगळवारी ती माझ्या स्टुलावर बसली होती, मांडीवर फाइल. मी डबा उघडून पुढं केला.

"नको मावशी."

"तुला विचारलं नाही मी. घे."

तिनं घास घेतला नाही, पान उलटलं. "हे बघा. ह्या तीन दिवशी माझ्याकडेही शून्य आलं होतं. मला वाटलं सॅम्पल खराब झाली, म्हणून मी ते तीन दिवस धरले नाहीत. आता ते म्हणतायत मी लपवले."

"टाकायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही. चूकच ती. पण खोटं नाही मावशी. आईशप्पथ खोटं नाही."

मी तारखा वाचल्या. महिना ओळखीचा वाटला. त्या वर्षी त्या महिन्यात माझी सासू न्हाणीघरात घसरून पडली होती. पण तेव्हा तेवढंच आठवलं. डोक्यात काहीतरी खुटखुटत राहिलं आणि मी घरी गेले.

घरी आम्ही दोघी. तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, आठ वर्षांपूर्वी गेला आणि आम्ही एकमेकींना उरलो. सासू मुकी नाही. सासूनं गेल्या ऐंशी वर्षांत गिळलेला शब्द मला माहीत नाही. पडल्यापासून तिची पाठ धरते, म्हणून रोज संध्याकाळी मी तेल लावून चोळते आणि ती त्यात चुका काढते.

"आज हातात जीव नाही तुझ्या."

"दिवसभर तुमच्यासारखी खाटेवर नव्हते आई."

"बोल, बोल. त्या टोमॅटोसारखं माझंही कर एकदा, म्हणजे सुटलीस."

"टोमॅटोचं काय केलं मी?"

खिडकीत टोमॅटोच्या दोन कुंड्या होत्या, एकाच दिवशी पेरलेल्या. एक माझ्या जायच्या-यायच्या वाटेवर, दुसरी सासूच्या खाटेपलीकडे, जिथं माझा हात पोचत नाही.

"बघ की डोळे उघडून," ती म्हणाली. "माझ्या बाजूचं कसं शिडीसारखं गेलंय, आणि तुझं बसलंय खुजं होऊन. जाता-येता हात लावतेस त्याला. सारखं कुणी अंगाला हात लावत राहिलं तर माणूस तरी धड वाढेल का? धसका घेतलाय त्यानं तुझा."

माझा हात तिच्या पाठीवर थांबला.

तीन दिवस. सासू सोमवारी पडली. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी रजेवर. तीन दिवस ट्रेवरून कुणाचा हात फिरला नाही, आणि तीन दिवस मुकी बोलली नाही. मी आठ ते सव्वाआठ हात फिरवते. पोर साडेआठला पान कापते. दुपारपर्यंत मुकी बोलून गप्प झालेली असते. चष्मेवाल्यांच्या खोलीत पाटी खरोखर पाळत असतील.

"चोळ की! गेलीस कुठं?"

"इथंच आहे," मी म्हटलं. पण नव्हते.

त्या रात्री मी काय विचार केला ते लपवत नाही. मला भीती वाटली. माझं काम वर्षाच्या करारावर. चौदा वर्षं पाटीखाली उभं राहून पाटी मोडली, आणि त्या खोलीत फक्त टिटवीच नाही, सहा जणांचे प्रयोग वाढतात. सगळ्यांच्या रोपांवर माझा हात. गप्प बसले असते तर कुणालाही कधीही कळलं नसतं. मुकी मुकीच राहिली असती आणि टिटवी खोटी. हा विचार मी केला. सासूची पाठ चोळून होईपर्यंत केला, मग टाकून दिला. तो चांगुलपणा होता असं कुणी म्हणू नये. चार दिवसांची ती शांतता मला सहन होत नव्हती.

बुधवारी सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"चौदा."

"दारावर मी काय लिहिलंय?"

"वाचता येतं मला बाई."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, आता कामावरून काढतील. त्या म्हणाल्या, "माझी रोपं मजबूत म्हणून मी चार देशांत सांगत फिरले," आणि कपाळावर हात मारून घेतला. मग वळल्या. "उद्या समितीपुढं बोलाल?"

"बोलायलाच आलेय."

टिटवीला बाईंनी बोलावून सांगितलं. मला वाटलं होतं पोर गळ्यात पडेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी रात्रंदिवस डोकं फोडतेय आणि तुम्ही शेजारी बसून मला डबा भरवताय! एकदा सांगायचं नाही?"

"मला तरी कुठं माहीत होतं..."

"हात लावता हे तर माहीत होतं ना मावशी!"

खरं होतं. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबल, त्याच्या एका बाजूला चष्मेवाले सर आणि एक गृहस्थ, जे फक्त लिहून घेत होते. दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई आणि टिटवी.

"ह्या कोण?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आमची ग्रोथ रूम सांभाळतात."

"मग त्यांचं इथं काय काम?"

"तेच सांगायला आलेय," मी म्हटलं. बस कुणी म्हणालं नाही, म्हणून भिंतीला लावलेली खुर्ची मी ओढून घेतली. फरशीवर कर्कश आवाज झाला. झाला तर झाला.

मी सगळं सांगितलं. हात, वेळ, सासू, रजा. म्हटलं, "माझा रजेचा अर्ज ऑफिसात असेल. तारखा लावून बघा." लिहून घेणारे गृहस्थ उठले, अर्ज घेऊन आले, फाइलशेजारी ठेवला. तीन तारखा, तीन शून्यं. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, डोळ्यांवरचा वर केला, आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, हात फिरवला की बारावी चालू होते?"

"माझं म्हणणं एवढंच की मी हात फिरवते. बाकीचं म्हणणं तुम्ही शोधायचं, त्याचे पगार तुम्हाला."

बाई खोकल्या. चष्मेवाले मात्र रागावले नाहीत. माणूस वाईट नव्हता, हे मला त्या दिवशी नाइलाजानं मान्य करावं लागलं. ते म्हणाले, "स्पर्शानं रोपं बुटकी राहतात हे नवं नाही. वाऱ्यात वाढणाऱ्या रोपाला दणकट व्हावंच लागतं. पण तो हुकूम मेलेली समजलेली बारावी सोडते, हे खरं असेल तर मोठं आहे. आणि खरं नसेल तर ही फार सोयीची गोष्ट आहे."

पोरीचा चेहरा उतरला. ते पुढं म्हणाले, "तीन आठवडे देतो. अर्धे ट्रे हात लावलेले, अर्धे बी पेरल्यापासून न लावलेले. पानं माझी माणसं कापतील, मोजतीलही तीच. आणि शेवटच्या दिवशी, कधीच हात न लागलेल्या ट्रेला माझ्यासमोर हात लावायचा. बघू बोलते का."

"हात कोण लावणार?" बाईंनी विचारलं.

"मी."

ते तीन आठवडे मला जड गेले. डावीकडची मांडणी माझी, उजवीकडची कुणाचीच नाही. उजवीकडून जाताना मी हात पाठीमागे बांधून जायचे, दुकानात काचेचं सामान बघणाऱ्या पोरासारखी. ती रोपं सुतासारखी उंच गेली, एकमेकांच्या अंगावर रेलायला लागली. पाणी घालायचे ते लांब नळीनं. रोपं वर येईपर्यंत टिटवी माझ्याशी कामापुरतं बोलली. पहिली पानं फुटली त्या दिवशी ती आली, डावीकडच्या ट्रेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "कसा फिरवता, दाखवा."

मी दाखवलं.

"रोज इतकाच?"

"रोज इतकाच."

तिनं वहीत लिहिलं. मग माझ्या पिशवीत हात घालून डबा काढला आणि झाकण उघडलं. "मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि त्यानंतर दुपारपर्यंत थांबली नाही. काय बोलली ते विचारू नका, मी ऐकलंच नाही. नुसता आवाज ऐकत होते.

शेवटच्या दिवशी सगळे माझ्या खोलीत. सहा माणसांना ती खोली पुरत नाही. चष्मेवाल्यांनी हात धुतले, बाह्या वर केल्या आणि उजवीकडच्या ट्रेवर तळहात धरला. बोटभर वर.

"शेकोटीवर हात शेकताय का सर? लावा."

"किती जोरात?"

"लेकराच्या डोक्यावरून फिरवता तसा."

"मला मूल नाही."

मी जरा ओशाळले. मग म्हटलं, "घरात मांजर?"

"मांजर आहे."

"मग तसा."

त्यांनी फिरवला. बरोब्बर फिरवला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि मग परत. सुतासारखी रोपं वाकली आणि हात गेल्यावर हळूहळू सरळ झाली. त्यांनी दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा गरज नव्हती, पण कुणी अडवलं नाही. वीस मिनिटं आम्ही तिथंच उभे. टिटवी नखं खात होती, मी तिच्या हातावर चापट मारली. मग त्यांच्या माणसानं पानं कापली आणि ते घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नळ्या धूत होते. लांबून आवाज आला. आधी जिन्यात, मग बोळात, मग दारात. टिटवीच ती. तिला श्वास पुरत नव्हता तरी बोलत होती. कधीच हात न लागलेल्या रोपांत शून्य. माझ्या हाताच्या रोपांत पानं आल्यापासून रोज, खणखणीत. आणि सरांनी हात फिरवलेल्या ट्रेमध्ये वीस मिनिटांत मुकी बोलली, जन्मात पहिल्यांदा.

"माझ्यापेक्षा जोरात?" मी विचारलं.

"काय?"

"आकडा. कुणाचा मोठा? माझा की त्यांचा?"

ती घुटमळली. "त्यांचा. थोडासाच. नवीन होता ना स्पर्श, म्हणून. आणि मावशी, गेल्या आठवड्यात मी प्लॅस्टिकची पट्टी फिरवून बघितली होती. पट्टीलाही बोलते."

आता खरं सांगते. मनात कुठंतरी मला वाटत होतं, हे माझ्या मायेचं आहे. चौदा वर्षांचा हात, रोपांना ओळखीचा. कसलं काय. मुकीला मांजरवाल्याचा हात चालतो आणि पट्टीही चालते. पोरीची पदवी राहिली आणि माझी मिजास गेली. बरं झालं. 'अकुशल' लिहिणाऱ्यांची मिजास उतरवता उतरवता माझीच जरा चढली होती.

टिटवी तोवर गळ्यात पडली होती. माझे हात ओले होते, तिचा ॲप्रन भिजला, तिला फिकीर नव्हती. समितीचं पत्र चार दिवसांनी आलं. टाकलेले तीन दिवस प्रबंधात परत घालायचे आणि कारण लिहायचं, एवढीच अट. दारावरची पाटी बाईंनी काढली नाही. खाली एक ओळ वाढवली, कुठल्या ट्रेला हात लावायचा, किती वाजता, किती वेळा. खाली सही दोघींची, त्यांची आणि माझी. ती मी मागून घेतली.

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसले.

"सुटली का पोर?" सासूनं विचारलं.

"सुटली. ती मुकी आहे ना आई, ती कुणाच्याही हाताला बोलते म्हणे. माझाच पाहिजे असं काही नाही. त्या चष्मेवाल्याच्या हाताला तर जरा जास्तच बोलली."

सासू थोडा वेळ काही बोलली नाही. नोंद घेण्यासारखी घटना.

"मग उद्यापासून शेजारणीला बोलाव पाठ चोळायला," ती म्हणाली.

"बोलावू?"

"बोलावून तर बघ," म्हणाली आणि पाठ माझ्याकडे वळवून पडली.